मार्करचा चेंडू

भिंतीपलीकडून आवाज आला आणि गनी पारकर भर रस्त्यात उभाच राहिला. हातात कपबशांच्या नमुन्यांची पेटी, डोक्यावर एप्रिलचं ऊन, आणि दुबईच्या देरा बाजारातून त्याला तेलकंपनीच्या बंगल्यांपर्यंत सोडणारी टॅक्सी केव्हाच धुरळा उडवत परत गेलेली. आवाज काही मोठा नव्हता. ठप्प. जरा थांबून पुन्हा ठप्प. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, आत कुणी गालिचा झटकतंय. पण गनीच्या कानाआधी तो त्याच्या उजव्या मनगटाला कळला. मनगट आपोआप मागे वळलं आणि पेटीतल्या कपबशा किणकिणल्या. या भिंतीजवळून तो कितीदा तरी गेला होता, आतल्या साहेबांचं टेनिस त्याने ऐकलं होतं, ती फटफट, ती तार सैल पडलेल्या रॅकेटची रड, आणि तिला त्याने कधी दाद दिली नव्हती. ते हवा खायला खेळणाऱ्यांचे आवाज. हा तसा नव्हता. हा चेंडू कुणीतरी पोटासाठी मारत होतं. गनीच्या अंगावर सरसरून काटा आला, आणि इतका आनंद झाला की त्याला त्या आनंदाची भीतीच वाटली. चाळिशीला टेकलेला माणूस, दोन मुलांचा बाप, असा रस्त्यात उभा राहून थरथरतो काय, म्हणून त्याने आजूबाजूला बघून घेतलं. रस्त्यात पाण्याच्या डब्यांची गाडी ओढणारं एक गाढव होतं, त्याला काही देणंघेणं नव्हतं.

दुबईत गनी पारकर म्हणजे गनीसेठ, लियाकतच्या भांड्यांच्या दुकानातला निम्मा भागीदार. लियाकत त्याच्या बायकोचा, खैरुन्निसाचा भाऊ. बाणकोटहून आलेली सगळी मंडळी या दुकानात टेकून जायची, आणि कुणी विचारलं की गनीसेठ आधी काय करायचे, तर लियाकत परस्पर सांगून टाकायचा की दुलाभाई मुंबईत जिमखान्याच्या ऑफिसात होते. ऑफिसात! ऑफिसाच्या मागे रोलर ठेवायची पत्र्याची शेड होती, तिच्यात गनी आणि त्याचा बाप हमदुल्ला राहायचे. दोघेही मार्कर. आता ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगायचं तर मार्कर म्हणजे क्लबाने पगारावर ठेवलेला खेळगडी. मेंबराला जोडीदार मिळाला नाही की मार्करने समोर उभं राहायचं, त्याला घाम येईपर्यंत खेळवायचं, नवशिक्याला शिकवायचं, रॅकेटच्या तारा भरायच्या आणि संध्याकाळी कोर्टावर पाणी मारायचं. मेंबरांत जे चषक जिंकायचे त्यांच्यापेक्षा मार्कर चांगला खेळायचा, हे मेंबरांना माहीत असायचं आणि मार्करलाही. पण मार्कर पगार घेतो म्हणून त्याला स्पर्धेत नाव देता यायचं नाही. कायदाच तसा होता. खेळाचे पैसे घेतलेस ना, मग तू खेळाडू नव्हेस. हमदुल्लाला यात काही वावगं वाटायचं नाही. तो पोराला एकच गोष्ट शिकवायचा, सकाळ-संध्याकाळ तीच: चेंडूकडे साहेबाने जायचं नाही, चेंडूने साहेबाच्या रॅकेटकडे यायचं. साहेबाचा उजवा पाय कुठे आहे बघ, खांदा कुठे वळलाय बघ, त्याला जिथे मारायला आवडतं तिथे ठेव. अगदी ठेव, ताटात भाकरी ठेवावी तसा. आणि गनीला ते असं काही जमलं की मेंबर हमदुल्लाला सोडून गनीला मागायला लागले. गनीबरोबर खेळलं की प्रत्येकाला वाटायचं, आज आपला हात काय चाललाय.

एकदाच चुकलं. एकोणीस-वीस वर्षांचा होता तो. एका सॉलिसिटरचा मुलगा स्पर्धेची तयारी करत होता, आणि खेळता खेळता त्या मुलाने गनीला कोपऱ्यात ओढलं. गनी धावला. धावताना त्याने साहेबाकडे बघितलंच नाही. त्याला फक्त पलीकडची मोकळी जागा दिसली, लाल मातीची, कुणीच नसलेली, आणि त्याने तिथे चेंडू मारून टाकला. सॉलिसिटरचा मुलगा जागचा हलला नाही. काय वाटलं होतं तेव्हा! डोक्यापासून टाचेपर्यंत कुणीतरी दिवा फिरवला होता अंगातून. मग बाजूने हमदुल्ला आला, साहेबापुढे हात जोडून उभा राहिला, पोराची चूक झाली म्हणाला. गनीला त्याने मारलं नाही. फक्त त्या दिवसापासून गनीला त्या मुलासमोर उभं केलं नाही. पुढे त्या मुलाने चषक जिंकला, मार्करांना बक्षिसी म्हणून नवे सदरे शिवले. गनीने तो सदरा फाटेपर्यंत वापरला आणि वापरताना दर वेळी त्याला तो चेंडू आठवला. माणसाला चोरी आठवावी तसा. मग बाप गेला, लग्न झालं, लियाकतने बोलावलं, बोटीतून उतरून खाडीच्या काठावर पाय ठेवला आणि गनीने मनाशी म्हटलं, खलास, आता रॅकेट नाही. तो शब्द त्याने अगदी मनापासून पाळला होता. म्हणजे या आवाजापर्यंत.

फाटकावर म्हसळ्याचा मोहिद्दीन पहारा करायचा, त्याने गनीसेठला ओळखून सलाम केला आणि आत सोडलं. कंपनीच्या क्लबाला कपबशा दाखवायच्याच होत्या. सिमेंटच्या कोर्टावर एका बाजूला क्लबाचा सेक्रेटरी, उन्हाने टोमॅटोसारखा झालेला इंग्रज, धापा टाकत उभा होता. दुसऱ्या बाजूला एक लांब, वाळका, उन्हाने काळवंडलेला गोरा माणूस. कानांवर केस पिकलेले, गुडघ्याला पट्टी. तो अगदी अलगद मारत होता आणि तरी सेक्रेटरीचा प्रत्येक चेंडू जाळीत नाहीतर कुंपणावर जात होता. त्यातला एक कुंपणाच्या दारातून निसटून घरंगळत गनीच्या बुटाशी आला. गनीने पेटी खाली ठेवली. एका बुटाची कड आणि दुसऱ्याची टाच यांच्यात चेंडू धरून, न वाकता त्याने तो वर उचलला, झेलला, आणि हाताखालून सोडला, असा की एक टप्पा पडून तो त्या वाळक्या माणसाच्या डाव्या तळहाताशी, कमरेच्या उंचीला जाऊन पोचला. साहेब सर्व्हिस करायच्या बेतात असला की त्याला चेंडू असाच द्यायचा असतो. आपण काय केलं ते गनीला करून झाल्यावर कळलं. त्या माणसाने चेंडूकडे पाहिलं, मग गनीकडे, आणि सेक्रेटरीला थांबायची खूण करून तो सरळ कुंपणाशी आला. इंग्रजीत विचारलं, कुठल्या क्लबात होतास? गनीने विचार न करता जिमखान्याचं नाव सांगून टाकलं. इतकी वर्षं लियाकतने झाकून ठेवलेली गोष्ट एका चेंडूसरशी उघडी पडली आणि गनीला वाईट वाटायचं सोडून हसूच आलं.

त्याचं नाव एतिएन मोरे. मोरे ऐकून गनीला आधी वाटलं, हा आमच्या महाडकडचा की काय, पण माणूस फ्रान्सचा निघाला. सेक्रेटरी सावलीत सोडा प्यायला गेला तेव्हा मोरेने दुसरी रॅकेट गनीच्या हातात दिली, दहा-वीस चेंडू मारून पाहा म्हणाला, आणि त्यानंतर दोघे कुंपणाच्या सावलीत बसले. इंग्रजी दोघांचंही परकं, म्हणून सोपं गेलं. मोरेचा बाप समुद्राकाठच्या एका गावात क्लबाची कोर्टं राखायचा. पोरगा भिंतीवर चेंडू मारून शिकला, पॅरिसच्या मोठ्या स्पर्धेत एका वर्षी शेवटच्या चौघांत आला, पेपरात फोटो छापून आले. पण हौशी खेळाडूला पैसा उघड मिळायचा नाही, आणि घरी तर चूल पेटायला हवी. तेव्हा एका अमेरिकन ठेकेदाराने कागद पुढे केला, मोरेने सही केली, आणि त्या सहीबरोबर पॅरिसचं फाटक बंद झालं. तो धंदेवाईक झाला. त्यानंतरची बारा वर्षं म्हणजे गाडीवर गुंडाळून नेलेलं कॅनव्हासचं कोर्ट. आज बर्फावर घसरायच्या मैदानात अंथर, उद्या बैलांच्या झुंजीच्या आखाड्यात, परवा आफ्रिकेतल्या कुठल्या सिनेमाघरात, आणि रोज समोर तोच ऑस्ट्रेलियन. रोज एकमेकांना सांभाळून खेळायचं, कारण लोकांना चुरस हवी असते. पहिला सेट याचा, दुसरा त्याचा, तिसरा अटीतटीचा. स्थानिक कुणी शौकीन समोर आला तर त्याला चार गेम द्यायचे, म्हणजे त्याचे मित्र टाळ्या वाजवतात. मोरे हे सांगत होता आणि गनी ऐकता ऐकता सरकत सरकत त्याच्या अगदी जवळ येऊन बसला होता. हा तर मार्कर! जगभर फिरणारा, पेपरात फोटो आलेला, पण मार्करच की. आणि आता गेल्याच महिन्यात मोठ्या लोकांनी बैठक घेऊन कायदा बदलला होता. धंदेवाले, हौशी, सगळे एकाच मैदानात. मे महिन्यात पॅरिसचं फाटक मोरेसाठी उघडणार होतं. तो ऑस्ट्रेलियन ते ऐकून बैरुतहूनच नवा ठेका गाठायला पळाला. मोरे मात्र इथे एका फ्रेंच इंजिनियर दोस्ताला शब्द दिला होता म्हणून आला, शुक्रवारी खेळ जाहीर झालेला, आणि समोर कुणी नाही. तू उभा राहतोस का, त्याने विचारलं. गनी हो म्हणाला. हो म्हणून झाल्यावर त्याला दुकान आठवलं, लियाकत आठवला, कपबशा आठवल्या. पेटी तशीच उन्हात राहिली होती.

घरी खैरुन्निसाने सगळं ऐकून घेतलं आणि फक्त इतकंच विचारलं की अंगात काय घालणार. लियाकतच्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. दुकानात गिऱ्हाइकांसमोर काही बोलता येईना, म्हणून तो तामचिनीच्या थाळ्या आपटत राहिला आणि गिऱ्हाईक गेल्यावर उसळला. त्याचं म्हणणं असं की इथे आपण सेठ लोक आहोत, क्लबाची ऑर्डर आपल्याला मान देऊन मिळते, आणि तुम्ही चड्डी घालून त्यांना बॉल टाकायला जाणार. उद्या सेक्रेटरी म्हणेल, गनी, जरा कोर्टावर पाणी मार. "दुलाभाई, एकदा का त्यांनी तुम्हाला मार्कर म्हणून बघितलं ना," तो म्हणाला, "की मग आयुष्यभर तेच बघणार." गनीला हे खोटं म्हणता येईना. त्याने थाळ्या रचल्या, गवताचे पुडे सोडून पेले काढले, वाळवंटातून आलेल्या एका बद्दूला कंदील दाखवला आणि कंदिलाची किंमत सांगता सांगता मनात मोरेचा डावा खांदा पाहत राहिला. बॅकहँडला जाताना तो जरा उशिरा वळतो. पट्टीचा गुडघा उजवा. डावीकडून एकदम उजवीकडे यायला लागलं तर तो दोन छोटी पावलं जास्त टाकतो. आणि हे आपण का बघितलं? साहेबाला कुठे आवडत नाही हे मार्करला ठाऊक असतंच, कारण तिथे चेंडू जाऊ द्यायचा नसतो. पण गनीने बघितलं होतं ते काही चेंडू तिथे जाऊ न देण्यासाठी नव्हतं. त्याला एक चेंडू हवा होता. मॅच नको, सेट नको, टाळ्या तर नकोतच. भल्या माणसासमोर, चारचौघांत, स्वतःच्या मनाने मारलेला एक खरा पॉइंट, ज्यासाठी कुणी हात जोडून माफी मागणार नाही. बस्स. तेवढं झालं की खुशाल थाळ्या विकीन म्हणाला तो स्वतःशी. बद्दू दोन कंदील घेऊन गेला, गनीने त्याला पैसे कमीच सांगितले होते.

शुक्रवारी ऊन कलल्यावर कोर्टाच्या कडेने खुर्च्या मांडल्या. पुढे साहेब-मेमसाहेब, कंपनीचे फ्रेंच लोक, दोन अरब व्यापारी, आणि मागे कुंपणाबाहेर, कसं कळलं कोण जाणे, अख्खं बाणकोट. हनीफ दर्यावर्दी, दोघेतिघे खाडीवरचे हमाल, मोहिद्दीनने तर ड्यूटी सोडून सगळ्यांना जागा करून दिली होती. लियाकतही आला होता. तोंड वाकडं करून, पण आला होता. खैरुन्निसाने पांढरी पँट कांजी घालून अशी कडक केली होती की गनीला वाकता येईना. खुर्चीवर उंच बसून सेक्रेटरी पंच झाला. आणि खेळ सुरू झाला मात्र, गनी सगळं विसरला. हात चालायला लागला. कसा चालायला लागला! इतकी वर्षं कुठे दडून बसला होता हा हात? मोरेचा चेंडू येत होता तो वजनदार, पण अगदी कमरेला, अगदी मनासारखा. गनी तो परत ठेवत होता, आणि मोरे परत पाठवत होता, आणि चेंडू जाळीवरून येत होता, जात होता, येत होता, जात होता. लोकांच्या माना इकडून तिकडे. मग कुणीतरी हसलं, मग टाळ्या पडल्या, तरी चेंडू खाली पडेना. बाहेर हनीफ मोठ्याने वाहवा देत होता. गेम मोरेचा, मग गनीचा, मग मोरेचा. साहेबांच्या बायका उभ्या राहून बघायला लागल्या. गनीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. अशाच एका न संपणाऱ्या रॅलीत, पाठीवर घाम उतरत असताना त्याला एकाएकी कळलं की चेंडू इतका मनासारखा का येतोय. मोरे त्याच्या रॅकेटकडे ठेवतोय. त्याचा पाय बघून, खांदा बघून, त्याला आवडेल तिथे. ताटात भाकरी ठेवावी तसा.

आधी त्याला हसू आलं. दोन पाहुणे दारात उभे राहून एकमेकांना आधी तुम्ही, आधी तुम्ही करतायत, आणि बाहेर लोक टाळ्या वाजवतायत! आणि मग हसता हसता त्याला झणझणून राग आला. मला खेळवतोस? मला? पहिला सेट गनीला मिळाला. मिळाला म्हणजे मोरेने शेवटचा चेंडू जाळीत घातला, तो इतक्या सफाईने घातला की लियाकतसुद्धा टाळ्या वाजवायला लागला. बाजू बदलताना दोघे पाण्याच्या माठापाशी आले. गनीने पेला भरून आधी त्याला दिला, सवयीने, आणि मग सवयीचाही राग आला. मोरे पाणी प्यायला नाही. पेला हातात धरून तो हळू म्हणाला, "तू मला खेळवतोयस." गनी म्हणाला, "आणि तुम्ही मला." मोरेने मान हलवली. त्याचा चेहरा गमतीचा नव्हता. तो म्हणाला की बारा वर्षं झाली, मी हरवायला म्हणून कुणाशी खेळलेलो नाही. पॅरिसला नाव पाठवायचंय. घरी म्हातारा बाप अजून आहे, तो स्टँडमध्ये येऊन बसणार. मला माहीतच नाही माझ्यात काही उरलंय की नाही, आणि इथून तिथपर्यंत प्रत्येक जण मला छान छान चेंडू देतोय. "तुला माझं कुठे दुखतं ते दिसतंय," मोरे म्हणाला. "मी पाहिलंय तुला पाहताना. तिथे मार."

एवढं बोलणं झालं आणि गनी आपल्या बाजूला जाऊन उभा राहिला. त्याला ते हवंच होतं. इतकं हवं होतं की रॅकेटची मूठ ओली झाली. दुसऱ्या सेटचा पहिला चेंडू आला, आता तो वजनदार नव्हता, तो कुत्र्यासारखा अंगावर आला. गनीने मोरेच्या बॅकहँडचा कोपरा मनात धरला, हात मागे नेला, मारला, आणि चेंडू शहाण्या नोकरासारखा मोरेच्या फोरहँडला जाऊन उभा राहिला. मोरेने तो सणसणून मारून टाकला. पुन्हा तेच. पुन्हा. डोकं एक सांगतंय, हात दुसरंच करतोय. हातात हमदुल्ला बसला होता. बापाने हे मनगट इतक्या मायेने घडवलं होतं की त्याला दुसरं काही येतच नव्हतं. साहेबाचा पाय दिसला की वळतं, साहेबाचा खांदा दिसला की नमतं. गनीला रडू फुटायची वेळ आली. मग त्याच्या लक्षात आलं, दिसतो म्हणून होतंय. मग बघायचंच नाही. समोर माणूस आहे हेच विसरायचं. पुढच्या चेंडूला त्याने मोरेवरून नजर काढून घेतली, कोपऱ्यातलं रिकामं सिमेंट बघितलं आणि डोळे मिटून उडी मारावी तसा मारला. चेंडू कोर्टाच्या बाहेर हातभर लांब पडला. पंचाने आऊट म्हटलं आणि गनीच्या छातीत धडाड्धूम वाजायला लागलं, कारण असा बाहेर गेलेला चेंडू त्याने जन्मात मारला नव्हता. मार्करचा चेंडू कधी बाहेर जात नाही. मार्करला चूक परवडत नाही. ही चूक त्याची स्वतःची होती, पगारातून कापली जाणार नव्हती. पुढचा जाळीत गेला. त्याच्या पुढचा कुंपणावर, तो मोहिद्दीनने आत फेकला. गनीला हसू आवरेना.

बाकीच्यांना मात्र काय चाललंय ते कळेना. आत्तापर्यंत रंगलेला खेळ बिघडला होता. फ्रेंच माणूस एकदम रानटी मारत सुटला होता आणि भांडीवाल्याचा हात गेला होता. एका मेमसाहेबाने हळहळून काहीतरी म्हटलं. अरब व्यापारी घड्याळ बघून उठले. तीन गेम, चार गेम, गनीला एकही पॉइंट नाही. कुंपणाबाहेर हनीफ गप्प झाला, आणि लियाकत कुंपणाच्या जाळीला तोंड लावून दबक्या आवाजात सांगायला लागला की दुलाभाई, संभाळून, आधी खेळत होतात तसं खेळा, लोक बघतायत. गनीला ते ऐकू येत होतं. कसं सांगायचं याला, की आधी खेळत होतो तो खेळ नव्हता, आणि आता हा आहे? पँटची कांजी घामाने उतरली होती, पाय मोकळे झाले होते. चेंडू रेषेच्या जवळ जवळ यायला लागले होते. हातभर लांब, मग वीतभर, मग चार बोटं. मोरेच्या तोंडावर आता घाम होता आणि तो दात खाऊन धावत होता, सुंदर धावत होता, वय विसरून. गनीला त्याचं इतकं प्रेम वाटलं की त्याने त्याच्याकडे बघितलं असतं तर सगळं बिघडलं असतं. त्याने बघितलं नाही. मोरेने त्याला डाव्या कोपऱ्यात ओढलं, गनी पोचला, परत मारला, तो मोरेला डावीकडे घेऊन गेला, मोरेचा चेंडू जरासा, अगदी जरासा आखूड पडला, आणि उजवीकडे अख्खं रान मोकळं होतं. गनीने मारला. मोरेने दोन छोटी पावलं जास्त टाकली, पट्टीचा गुडघा वाकला, रॅकेट लांब केली आणि चेंडू तिच्या पलीकडून निघून गेला.

"आऊट," सेक्रेटरी वरून म्हणाला.

क्षणभर गनीचं तोंड आपोआप सॉरी म्हणायला उघडलं. ते त्याने मिटून घेतलं. तो चालत जाळीपाशी गेला, जाळीला वळसा घालून पलीकडे गेला. साहेबाच्या बाजूला मार्कर खेळ चालू असताना असा जात नसतो. कोर्टावर दुपारपासून बारीक वाळूची साय धरली होती आणि रेषेच्या आतल्या काठाला, तिच्यावर, चेंडूने पुसलेला एक गोल होता. गनीने त्याच्याशेजारी रॅकेटचं टोक टेकवलं. मान वर करून खुर्चीकडे बघितलं. सेक्रेटरी, ज्याला कपबशांची ऑर्डर द्यायची होती, भुवया चढवून त्याच्याकडे बघत होता. बाहेर लियाकतने कपाळाला हात लावला होता. गनीचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "बॉल आत होता," तो म्हणाला. सेक्रेटरीने शांतपणे पुन्हा आऊट म्हटलं, जसं नोकराला दुसऱ्यांदा सांगतात. गनी हलला नाही. "आत होता," तो म्हणाला. "मी मारलाय. मला माहीत आहे." बोलून झाल्यावर त्याला आपले पाय जमिनीवर आहेत हे कळलं. कुणी हात जोडायला येत नव्हतं. खाडीकडून वारा येत होता आणि तो तिथेच उभा होता, चाळिशीचा, घामेजलेला, आणि त्याला वाटलं, आता मला कुणी इथून हलवून दाखवावं.

मोरे आला आणि त्या गोलापाशी एका गुडघ्यावर बसला. बसूनच राहिला. एवढा वेळ बघण्यासारखं तिथे काही नव्हतं. धापा टाकत तो एकदा खुणेकडे बघत होता आणि एकदा आपली पावलं जिथे थांबली होती त्या जागेकडे. मधलं अंतर बघत होता. मग त्याने वर बघून पंचाला हात केला, बॉल चांगला होता, आत होता. सेक्रेटरीने खांदे उडवले आणि पॉइंट गनीला दिला. फ्रेंच लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुंपणाबाहेर बाणकोटाने गलका केला. मोरे मात्र उठला नाही. त्याने खालूनच, फक्त गनीला ऐकू जाईल असं विचारलं, "दहा वर्षांपूर्वी मी पोचलो असतो?"

गनीच्या जिभेवर उत्तर तयार होतं. उन्हाची तिरीप डोळ्यांवर होती सर, सिमेंट खराब आहे सर, तुमच्या ऐन उमेदीत तुम्ही नक्की पोचला असता सर. मेंबर हरला की त्याच्या रॅकेटवर टॉवेल टाकत म्हणायची ती वाक्यं, एकामागून एक, धुऊन घडी घालून ठेवलेली. आणि खाली बसलेल्या माणसाला ती हवीही होती. गनीला त्याच्या पिकलेल्या केसांखालची शीर उडताना दिसत होती. पॅरिसला बाप येऊन बसणार होता. गनीने त्या गोलाकडे बघितलं. किती सुंदर पडला होता चेंडू. तो कसा काय उन्हाला देऊन टाकायचा? गुडघ्याला देऊन टाकायचा?

"नाही," गनी म्हणाला. सर म्हणायचं राहून गेलं. "दहा वर्षांपूर्वीही पोचला नसता. बॉलच तसा होता."

मोरेने त्याच्याकडे बघितलं. आणि मग तो हसला, पोटातून, गुडघ्यावर बसल्या बसल्या, इतक्या मोठ्याने की सेक्रेटरी खुर्चीतून वाकून बघायला लागला. त्याने हात वर केला. गनीने तो धरून त्याला उभं केलं, पण पाठीवर थोपटलं नाही, कपडेही झटकले नाहीत. मोरे लंगडत, हसत सर्व्हिसच्या रेषेकडे गेला, तिथे त्याने तोंड पुसलं, आणि रॅकेट खाली घेऊन गनीकडे रोखून बघितलं. आता येणारा चेंडू काही साधा नसणार. गनी आपल्या बाजूला धावतच परत आला, गुडघे वाकवले, आणि ओरडून म्हणाला, "यल्ला, चल मोरे, मार."